सीमाफेरी

परक्या देशात पर्यटक म्हणून राहण्याची मुदत संपत आली असता त्या देशाची भूसीमा ओलांडून शेजारच्या देशात जाणे आणि तेथून नवा पर्यटक-व्हिसा अथवा प्रवेशाचा नवा शिक्का घेऊन लगेच परतणे, या प्रकारास येथे सीमाफेरी म्हटले आहे. मराठीत त्यासाठी रूढ संज्ञा नाही. या फेरीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रवासी शेजारच्या देशातील वाणिज्य दूतावासात अर्ज करून पारपत्रावर नवा व्हिसा घेतो. त्यासाठी त्याला तेथे एक-दोन रात्री काढाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारात वकिलातीशी संबंधच येत नाही. व्हिसाशिवाय ठराविक दिवस राहण्याची सवलत ज्या देशांच्या नागरिकांना असते, ते सीमेवरील एका नाक्यावर बाहेर पडल्याचा शिक्का घेतात, पलीकडे तासभर थांबतात आणि उलट पावली येऊन आत आल्याचा शिक्का मिळवतात. पहिली फेरी खर्चिक व दुसरी स्वस्त. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेली कायद्याची कल्पना एकच आहे.

ती कल्पना अशी, की व्हिसा ही वस्तू देशाबाहेरच मिळावयाची असते. ‘तपासलेला कागद’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून हा शब्द आला. प्रवासी आपल्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याची कागदपत्रे आपल्या परदेशस्थ प्रतिनिधीने पाहिलेली असावीत, असा त्यामागील हेतू. पहिल्या महायुद्धापूर्वी यूरोपच्या बहुतेक भागांत पारपत्राशिवाय हिंडता येत असे. रशिया व तुर्की साम्राज्य हे ठळक अपवाद होते. १९१४ नंतर युद्धकालीन उपाय म्हणून आलेली बंधने युद्ध संपल्यावर टिकून राहिली. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२० साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने ३२ पृष्ठांच्या पारपत्र-पुस्तिकेचा नमुना सुचविला, तेव्हा ही बंधने तात्पुरती आहेत असाच अनेकांचा समज होता. हिंदुस्थानातही याच साली प्रवेशासाठी पारपत्र सक्तीचे करणारा कायदा झाला.

पर्यटक कोणास म्हणावे, हा प्रश्न यानंतर उद्भवला. राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी तज्ज्ञांच्या समितीने १९३७ मध्ये आपल्या नेहमीच्या निवासाच्या देशाबाहेर किमान २४ तास राहणाऱ्या प्रवाशाला पर्यटक म्हणावे असे ठरविले. १९६३ साली रोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने ही कालमर्यादा कायम ठेवून त्याहून कमी वेळ थांबणाऱ्याला सहलकर्ता असे निराळे नाव दिले. तासाभराची सीमाफेरी करणारा या व्याख्येनुसार शेजारच्या देशात सहलकर्ता ठरतो आणि ज्या देशात तो वर्षानुवर्षे घर करून राहतो तेथे मात्र पर्यटक. आकडेवारीच्या दृष्टीने त्याची प्रत्येक फेरी म्हणजे एका नव्या पर्यटकाचे आगमन होय. थोड्या माणसांच्या पुष्कळ फेऱ्यांनी पर्यटनाचे आकडे काही प्रमाणात फुगतात, ही गोष्ट अशा आकड्यांचा अर्थ लावताना ध्यानी घ्यावी लागते.

अमेरिकेतील पूर्वपीठिका : सीमेपलीकडे जाऊन कागद बदलून आणण्याची प्रथा पर्यटनाच्या लाटेतून निर्माण झाली, असा समज आढळतो. वस्तुतः तिचे जुने व गंभीर रूप १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत दिसते. १९२४ च्या अमेरिकन आप्रवासन कायद्याने स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांचा देशवार वार्षिक कोटा ठरवून दिला व स्थायिकाचा व्हिसा परदेशातील अमेरिकन वाणिज्य दूताकडूनच घेतला पाहिजे असा नियम केला. तात्पुरत्या भेटीसाठी येणारे या कोट्यात मोजले जात नसत. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर अनेक ज्यू विद्वान, कलावंत व सामान्य जन मिळेल त्या भेटीच्या व्हिसावर अमेरिकेत पोचले. मुदत संपल्यावर परतण्यासारखे घर त्यांना उरले नव्हते. परंतु अमेरिकेत राहूनच स्थायिकाचा दर्जा मागण्याची सोयही कायद्यात नव्हती. तेव्हा देशाबाहेर पडायचे, शेजारच्या भूमीवरील अमेरिकन दूताकडे अर्ज करायचा आणि तो मान्य झाल्यास पुन्हा आत यायचे, हाच मार्ग शिल्लक राहिला. तो नामंजूर झाला तर माणूस सीमेपलीकडेच अडकून पडे.

या मार्गाने गेलेल्यांत काही विख्यात नावे आहेत. ॲल्बर्ट आइन्स्टाइन मे १९३५ मध्ये कुटुंबासह बर्म्यूडा बेटावर गेले व तेथील अमेरिकन दूताकडे रीतसर अर्ज करून स्थायिक म्हणून परतले. संगीतकार कुर्ट व्हाइल १९३७ मध्ये कॅनडातून याच रीतीने पुन्हा आत आला. चित्रपट-दिग्दर्शक बिली वाइल्डर हा १९३४ मध्ये मेक्सिकोतील मेहिकाली या सीमेवरील गावी गेला. त्याच्याजवळ आवश्यक कागदपत्रांपैकी फारच थोडे काही होते. तेथील दूताने त्याला व्यवसाय विचारला, चित्रपटकथा लिहितो असे उत्तर मिळताच काही क्षण येरझारा घातल्या, आणि चांगल्या कथा लिहा असे बजावून शिक्का मारला. हा प्रसंग वाइल्डरने १९८८ मध्ये अकादमीचा सन्मान स्वीकारताना जाहीरपणे सांगितला. त्याचे सहलेखन असलेल्या ‘होल्ड बॅक द डॉन’ (१९४१) या चित्रपटात मेक्सिकोच्या सीमेवरील गावात व्हिसासाठी ताटकळणाऱ्या निर्वासितांचे चित्र आहे. ज्यांना असा दूत भेटला नाही त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, हे येथे विसरून चालणार नाही. एकाच कायद्याचा अर्थ एका खिडकीत एक व दुसऱ्या खिडकीत दुसरा लागावा, हा सीमाफेरीचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकन सरकारलाही या व्यवस्थेतील अडचण कळत होती. १९३५ पासून कॅनडाशी झालेल्या समझोत्यानुसार अर्जदाराची तपासणी अमेरिकेतच आधी उरकून घेण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे परत घेतला न गेलेला मनुष्य आपल्या गळ्यात पडेल ही कॅनडाची धास्ती कमी झाली. सीमा ओलांडणे हा त्यामुळे निव्वळ विधी उरला. १९५२ च्या कायद्याने देशातच दर्जा बदलून घेण्याची तरतूद केली आणि पुष्कळांच्या बाबतीत त्या विधीचीही गरज संपली. पुढे नोकरीच्या व्हिसावरील परदेशीयांपुरता तो पुन्हा अवतरला. त्यांच्या व्हिसाचे अमेरिकेतच नूतनीकरण करून देण्याची सोय जुलै २००४ मध्ये बंद झाल्यावर कॅनडा व मेक्सिकोतील अमेरिकन दूतावासांत जाणाऱ्यांत भारतीय संगणक-अभियंते मोठ्या संख्येने असत, आणि त्यांत मराठी मंडळीही पुष्कळ होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जदारांनी आपल्या मायदेशी अथवा निवासाच्या देशातच अर्ज करावा असा आदेश निघाला.

थायलंड : पर्यटक-व्हिसाच्या सीमाफेरीचे सर्वांत विस्तृत व सुसंघटित उदाहरण थायलंडमध्ये आढळते. त्याची कारणे भूगोलात आहेत, तशी अर्थकारणातही आहेत. म्यानमार, लाओस, कंबोडिया व मलेशिया या चार देशांशी थायलंडची भूसीमा भिडलेली आहे. व्हिएटनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांच्या विश्रांतीसाठी १९६७ मध्ये झालेल्या करारामुळे तेथील आतिथ्य-व्यवसायाला चालना मिळाली. १९८७ हे वर्ष सरकारने ‘थायलंड भेट वर्ष’ म्हणून साजरे केले. जुलै १९९७ मध्ये थाई बात या चलनाचे मूल्य कोसळले आणि परदेशी चलनात उत्पन्न असलेल्यांना तेथील राहणी अतिशय स्वस्त झाली. पर्यटक यावेत, पैसा खर्च करावा, हे सरकारला हवे होते. त्यांनी स्थायिक व्हावे हे मात्र नको होते. कायमच्या वास्तव्याचे परवाने मोजकेच दिले जात. या दोन इच्छांमध्ये जी फट राहिली, तीत सीमाफेरी रुजली.

थायलंडमधील पहिला आप्रवासन कायदा १९२७ चा. पुढे प्रदीर्घ काळ लागू राहिलेला कायदा १९७९ चा आहे. त्यानुसार पर्यटक-व्हिसावर ६० दिवस राहता येई व आप्रवासन कार्यालयात १,९०० बात भरून आणखी ३० दिवस मिळत. अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ३० दिवसांची सवलत होती. पन्नाशी उलटलेल्या निवृत्तांना ८ लक्ष बातची ठेव अथवा दरमहा ६५,००० बातचे उत्पन्न दाखवून वर्षाची मुदत मिळे. थाई स्त्रीशी विवाह केलेल्या पुरुषाला यासाठी ४ लक्ष बातची ठेव अथवा दरमहा ४०,००० बातचे उत्पन्न दाखवावे लागे. जे पन्नाशीच्या आत होते, अविवाहित होते, किंवा ज्यांच्यापाशी एवढा पैसा नव्हता, त्यांच्यासाठी सीमा हाच आधार ठरला. यांत खाजगी शिकवण्या करणारे इंग्रजीचे शिक्षक, पाणबुडी-प्रशिक्षक, लेखक, अल्प निवृत्तिवेतनावर जगणारे यूरोपीय, तसेच थाई जोडीदार व मुले असलेले पण विवाहाची नोंद न केलेले पुरुष असत. काहीजण नियमबाह्य धंदेही करीत, आणि त्यांच्यामुळे सर्वांवर संशय येई.

भूसीमेवरील बहुतेक नाके परकीयांसाठी १९९० नंतरच्या दशकात खुले झाले. तत्पूर्वी मुख्य वाट दक्षिणेची होती. बँकॉकहून बटरवर्थला जाणारी आगगाडी पाडांग बेसार या सीमास्थानकात थांबे. तेथे एकाच इमारतीत दोन्ही देशांचे अधिकारी बसत, आणि प्रवासी फलाटावरूनच एका देशातून दुसऱ्यात जाई. पुढे पेनांग बेटावरील थाई दूतावासात व्हिसा मिळे. त्यामुळे पेनांगच्या जुन्या पेठेतील स्वस्त खाणावळी व निवास यांना एक कायमचे गिऱ्हाईक लाभले. बटरवर्थपर्यंतची थेट गाडी २०१६ मध्ये बंद झाली.

ईशान्येकडे नोंग खाय येथे मेकाँग नदीवर ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने बांधलेला ‘मैत्री पूल’ एप्रिल १९९४ मध्ये खुला झाला आणि लाओसची राजधानी व्हिएंत्यान ही व्हिसाफेरीची प्रमुख पेठ बनली. रात्रीच्या गाडीने बँकॉकहून निघालेला प्रवासी सकाळी नदीकाठी पोचे, सुमारे ३० ते ३५ डॉलर मोजून लाओसचा व्हिसा घेई, थाई दूतावासाबाहेरच्या रांगेत उभा राही, अर्ज देई, रात्र काढी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पारपत्र परत मिळाल्यावर पुन्हा पूल ओलांडी. लाओसच्या व्हिसाची चिठ्ठी पारपत्राचे पूर्ण पान व्यापीत असल्यामुळे नेहमीच्या फेरीवाल्याची पारपत्रे मुदतीपूर्वीच भरून जात. दुसरा मैत्री पूल झाल्यावर सवन्नाखेत हे गाव कमी गर्दीचे म्हणून पसंत केले जाऊ लागले.

नुसत्या शिक्क्यासाठी जाणाऱ्यांची ठिकाणे वेगळी. चियांग माय व चियांग राय भागातील लोक देशाच्या उत्तर टोकाच्या माए साई गावी जात. तेथे साई नावाच्या लहानशा नदीवरील पुलापलीकडे म्यानमारचे ताचिलेक हे गाव आहे. म्यानमारचे अधिकारी १० डॉलर अथवा ५०० बात घेऊन दिवसापुरता परवाना देत आणि परतेपर्यंत पारपत्र आपल्याजवळ ठेवून घेत. तेवढ्या वेळात ताचिलेकच्या बाजारात फेरफटका मारून प्रवासी परते. दक्षिणेत रानोंगहून लांबट मोटारनावेने खाडी ओलांडून कॉथाउंगला जावे लागे. इंग्रजी अमदानीत या गावाला व्हिक्टोरिया पॉइंट म्हणत. बँकॉकवासीयांना सर्वांत सोयीचा नाका अरण्यप्रथेत येथील. पलीकडे कंबोडियाचे पॉइपेत. दोन तपासणी-नाक्यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात जुगारगृहांची रांग उभी राहिली आहे. थायलंडमध्ये जुगारगृहांना बंदी असल्याने बँकॉकहून गिऱ्हाइके आणण्यासाठी स्वस्त मोटारगाड्या सोडल्या जात आणि शिक्क्यासाठी जाणारे त्यांतच जागा पटकावीत. पुढे खास सीमाफेरीसाठी छोट्या गाड्या धावू लागल्या. पहाटे निघणे, गाडीतच अर्ज भरून घेणे, दोन्ही बाजूंचे शुल्क, दुपारचे जेवण आणि संध्याकाळी घरी, असा एकरकमी व्यवहार असे. चालकाला नाक्यावरचे शिपाई ओळखीत. एखाद्याला आत घेण्यास नकार मिळाला तर गाडी त्याच्यासाठी थांबत नसे.

सरकारने हा व्यवहार आटोक्यात आणण्यासाठी केलेल्या नियमांचा इतिहास उद्‌बोधक आहे. कारण बहुतेक नियमांचा परिणाम हेतूच्या उलट झाला. १ ऑक्टोबर २००६ पासून व्हिसाशिवायचे वास्तव्य सहा महिन्यांत ९० दिवसांपुरते मर्यादित करण्यात आले. तेव्हा शिक्क्यासाठी जाणारे दूतावासांकडे वळले आणि पेनांग व व्हिएंत्यान येथील रांगा लांबल्या. दूतावासांनी मग वारंवार येणाऱ्यांच्या पारपत्रावर यापुढे व्हिसा मिळणार नाही अशा इशाऱ्याचे शिक्के मारण्यास आरंभ केला. ज्याच्या पारपत्रावर असा शिक्का पडे तो पुढच्या वेळी दुसऱ्या गावच्या दूतावासात जाई. नोव्हेंबर २००८ मध्ये सहामाही मर्यादा मागे घेऊन भूसीमेवरून येणाऱ्यांची मुदत ३० वरून १५ दिवसांवर आणली गेली. विमानाने येणारा खरा पर्यटक व भूसीमेवरून येणारा बनावट, असे गृहीतक त्यामागे होते. प्रत्यक्षात, जो महिन्यातून एकदा सीमेवर जाई तो दोनदा जाऊ लागला, आणि गाड्या चालविणाऱ्यांचा धंदा वाढला. १ नोव्हेंबर २०१३ पासून सात प्रमुख औद्योगिक देशांच्या नागरिकांना भूसीमेवरही पुन्हा ३० दिवस देण्यात आले. श्रीमंत देशाचे पारपत्र असलेल्याला वेगळा नियम लावण्याची ही सरळ कबुली होती.

खरी कडक मोहीम २०१४ मध्ये आली. त्या वर्षी मे महिन्यात आप्रवासन खात्याने भूसीमेवर जाऊन लगेच परतणाऱ्यांना प्रवेश नाकारण्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या २२ तारखेस लष्कराने सत्ता हाती घेतली. ऑगस्टपासून विमानतळांवरही हीच कसोटी लावण्यात आली. नकारासाठी निर्वाहाचे पुरेसे साधन नसणे हे कायद्यातील जुने कलम वापरले जाई व प्रवाशाला २०,००० बात रोख दाखविण्यास सांगितले जाई. नाकारलेल्या माणसाची अवस्था चमत्कारिक होई. थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का पारपत्रावर असे, शेजारच्या देशाचा एका दिवसाचा परवाना संपलेला असे, आणि घर, सामान, कधी मुलेबाळे नदीच्या अलीकडे राहिलेली असत. याच सुमारास सरकारने व्हिसाशिवाय आलेल्यांनाही देशातच ३० दिवसांची वाढ देण्यास सुरुवात केली (२९ ऑगस्ट २०१४). सीमाफेरी कमी करणारा हा एक खरोखर परिणामकारक निर्णय म्हणता येईल. कारण जे सीमेवर मिळत होते ते आता नगरातील कार्यालयात मिळू लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये सहा महिन्यांत अनेकदा ये-जा करू देणारा पर्यटक-व्हिसा ५,००० बात शुल्कावर आला. डिसेंबर २०१६ च्या अखेरीस सर्वांना भूसीमेवरून ३० दिवस, परंतु वर्षातून दोनदाच, असा नियम झाला.

मुदतीपेक्षा जास्त राहणाऱ्याला दिवसाला ५०० बात व जास्तीत जास्त २०,००० बात दंड असे. दंड भरला की प्रकरण मिटे. त्यामुळे कित्येकजण प्रवासखर्चापेक्षा दंड परवडतो असा हिशेब करीत. २० मार्च २०१६ पासून हा हिशेब बदलला. ९० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून स्वतः हजर होणाऱ्यास एक वर्ष, आणि पाच वर्षांहून अधिक राहिलेल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी ठरली. पकडला गेल्यास थोड्या दिवसांच्या उल्लंघनालाही पाच वर्षांची बंदी लागू झाली. सीमाफेरी हा पळवाटीचा प्रकार मानला जात असला, तरी तो कायद्याचे अक्षर पाळण्याचाच प्रयत्न होता. ज्याला कायदा मोडावयाचाच असे तो सीमेवर अधिकाऱ्यासमोर जातच नसे. हा भेद २०१४ च्या मोहिमेत पुरेसा पाळला गेला नाही.

भारत व गोवा : भारताच्या संदर्भात सीमाफेरीचे प्रमुख क्षेत्र म्हणजे नेपाळची सीमा. १९६० नंतरच्या दशकात इस्तंबूल–काबूल–दिल्ली–काठमांडू या खुष्कीच्या मार्गाने येणारे पाश्चात्त्य तरुण गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळा काढीत व उन्हाळ्यात नेपाळकडे सरकत. इराणमधील क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएट फौजांचा प्रवेश यांमुळे १९७९ मध्ये तो मार्ग तुटला, तरी हणजुण, हरमल या गावांतील परदेशीयांचे दीर्घ वास्तव्य चालू राहिले. भारताचा पर्यटक-व्हिसा साधारणतः सहा महिन्यांचा असे व त्याची मुदत देशात वाढवून मिळत नसे. तेव्हा गोव्याहून रेल्वेने उत्तर प्रदेशात गोरखपूर, तेथून सोनौली आणि पुढे काठमांडू असा दीर्घ प्रवास करावा लागे. काठमांडूच्या भारतीय वकिलातीत प्रथम एक अर्ज भरून मायदेशी तारसंदेश पाठविला जाई, त्याचे उत्तर आल्यावर मुख्य अर्ज घेतला जाई, आणि मग व्हिसा. या सर्वांत आठवडा किंवा अधिक काळ मोडे. नेपाळमध्ये पर्यटकाला वर्षाकाठी १५० दिवसांहून अधिक राहता येत नसल्याने तेथे फार काळ थांबण्यासही मर्यादा होती.

भारत–नेपाळ सीमा १९५० च्या तहानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना खुली आहे. त्यामुळे सोनौलीला गर्दीच्या रस्त्यावर सायकल-रिक्षा, मालमोटारी व पादचारी न थांबता सीमा ओलांडीत असतात आणि तिसऱ्या देशाच्या नागरिकाला शिक्का देणारे कार्यालय दुकानांच्या ओळीत शोधावे लागते. ते नजरेआड राहिल्याने शिक्का न घेताच पलीकडे गेलेला पर्यटक पुढे अडचणीत येई. जेथे सीमा कोणी अडवीत नाही, तेथेच शिक्क्याअभावी माणूस अपराधी ठरतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याची पूर्वपाहणी डेव्हिड हेडली या अमेरिकन नागरिकाने वारंवार भारतात येऊन केली होती, हे त्याला ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागो येथे अटक झाल्यावर उघड झाले. त्यानंतर वर्षअखेरीस भारताने पर्यटक-व्हिसावरील दोन भेटींत किमान दोन महिन्यांचे अंतर असले पाहिजे असा नियम केला. नेपाळला फेरी मारून परतणाऱ्यांची वाट त्यामुळे एकाएकी बंद झाली, आणि भारतातून शेजारच्या देशांत थोडक्यात जाऊन येणारे सामान्य पर्यटकही कचाट्यात सापडले. हेडलीचा व्हिसा मात्र पर्यटनाचा नव्हे, तर व्यवसायासाठीचा होता. २०१२ च्या अखेरीस काही देशांचे नागरिक वगळता इतरांसाठी हा नियम मागे घेण्यात आला. २७ नोव्हेंबर २०१४ पासून विजकीय व्हिसा सुरू झाला. पण त्यावर प्रारंभी ठराविक विमानतळांवरूनच प्रवेश मिळत असल्याने सोनौली, रक्सौल येथील भूमार्गाचे महत्त्व त्या प्रवाशांपुरते संपले. १९२० चा प्रवेशविषयक कायदा व १९४६ चा परकीयांविषयीचा कायदा यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून एका नव्या एकत्रित कायद्याने घेतली आहे.

इराणच्या आखाताच्या परिसरात हाच प्रकार कष्टकऱ्यांच्या वाट्याला आला. दुबईत भेटीच्या व्हिसावर येऊन नोकरी शोधणारे भारतीय, पाकिस्तानी व फिलिपिनो व्हिसा बदलण्यासाठी ओमानमधील बुरैमी येथे किंवा इराणच्या किश बेटावर जाऊन बसत. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील घराघरांतून आखातात माणसे गेलेली असल्याने ‘व्हिसा चेंज’ हा शब्द कोकणातही परिचित आहे. पाश्चात्त्य प्रवाशाला हत्ता येथील नाक्यावर तासाभरात जे मिळे, त्यासाठी या मंडळींना नव्या व्हिसाची प्रत येईपर्यंत दाटीवाटीच्या निवासांत दिवसचे दिवस काढावे लागत. २००८ मध्ये संयुक्त अरब अमिरातींचे नियम बदलले तेव्हा अनेकजण तेथेच अडकले. ऑक्टोबर २०१८ पासून देशाबाहेर न जाता दोनदा तीस-तीस दिवस वाढवून घेण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये देशातच व्हिसा बदलण्याची सोय आखडती घेतल्यावर ओमानच्या सीमेकडे जाणाऱ्या मोटारगाड्या पुन्हा भरू लागल्या.

२०२० नंतर : मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे थायलंडच्या भूसीमा बंद झाल्या. बाहेर पडल्याशिवाय राहता येत नाही आणि बाहेर पडताही येत नाही, असा पेच निर्माण झाला. सरकारने २६ मार्चपासून ज्यांची मुदत संपेल त्या सर्वांना आपोआप मुदतवाढ दिली. ती प्रथम ३० एप्रिलपर्यंत, मग ३१ जुलैपर्यंत व नंतर पुढे वाढविली गेली. कोणीही सीमेवर न जाता हजारो परदेशीय त्या महिन्यांत कायदेशीरपणे राहिले.

१५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत दिली. त्याच वेळी दूर राहून काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षे मुदतीचा एक नवा व्हिसा आला. त्याचे शुल्क सर्वसाधारणपणे १०,००० बात व बँकेतील शिल्लक ५ लक्ष बात. या व्हिसावर एका खेपेस १८० दिवस राहता येते; मुदत वाढवून न घेतल्यास बाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते. म्हणजे ज्या फेरीविरुद्ध दहा वर्षांपूर्वी मोहीम झाली, तीच आता व्हिसाच्या अटींत गृहीत धरलेली आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये, सबळ कारणाशिवाय दोनहून अधिक सीमाफेऱ्या केलेल्यांना प्रवेश नाकारण्याचे खात्याने पुन्हा जाहीर केले. त्याआधीच, सीमातंट्यामुळे जून २०२५ मध्ये कंबोडियाकडील नाके बंद झाले व जुलैत तेथे पाच दिवस लढाई झाली. अरण्यप्रथेतहून पॉइपेतला जाणाऱ्या पहाटेच्या गाड्या त्या महिन्यापासून थांबल्या, आणि बँकॉकच्या फेरीवाल्यांनी पुन्हा नोंग खायचा पूल व पाडांग बेसारचे स्थानक यांची वाट धरली.